राष्ट्रप्रहार आणि तुलाकार

थाई भाषेत लष्करी उठावाला ‘रत्थप्रहान’ म्हणतात. शब्द जरा पुसून बघितला की खाली आपलाच ‘राष्ट्रप्रहार’ दिसतो. थाई जिभेवर शेवटच्या ‘र’चा ‘न’ होतो, एवढंच. पंतप्रधान म्हणजे ‘नायोक रत्थमोन्त्री’, नायक राष्ट्रमंत्री. लोक म्हणजे ‘प्राचाचोन’, प्रजाजन. आणि न्यायाधीशाला शब्द आहे ‘तुलाकान’. तुला म्हणजे तराजू, तो हातात धरणारा तुलाकार. बँकॉक-पट्टायाची सहल करून आलेले आपल्याकडचे लोक तिथल्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी आहे हे कौतुकाने सांगतात. मला या चार शब्दांचं जास्त नवल वाटतं. शब्द सगळे ओळखीचे, घरचेच. पण ते एकमेकांशी तिथे जसे वागतात ते बघून थाई माणूस का वैतागलाय ते कळतं.

१९३२ साली तिथली निरंकुश राजेशाही संपली. तेव्हापासून यशस्वी लष्करी उठाव झाले ते डझनभर. शेवटचे दोन २००६ आणि २०१४ चे. २००६ च्या सप्टेंबरात पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा न्यूयॉर्कला गेलेले असताना रणगाडे बँकॉकच्या रस्त्यांवर आले. लोकांनी सैनिकांना फुलं दिली, रणगाड्यांजवळ उभं राहून फोटो काढून घेतले. हे विसरून चालणार नाही. शहरातल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला तो उठाव हवाच होता. खेड्यापाड्यांतल्या मतांवर निवडून येणारा हा श्रीमंत, उर्मट माणूस त्यांना नको होता, आणि मतपेटीतून तो हरत नव्हता.

उठाव म्हणजे कायदा मोडणं. मग उठाव करणारा तुरुंगात का जात नाही? याचं उत्तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच देऊन ठेवलंय. ज्याने सत्ता यशस्वीपणे ताब्यात घेतली, त्याचे हुकूम हाच कायदा. उठाव फसला तर राजद्रोह, जमला तर सरकार! पुढे प्रत्येक सेनापतीने हे पाठ केलं. आल्याआल्या जुनी घटना रद्द करायची, स्वतःला माफी देणारं कलम नव्या घटनेत घालायचं, आणि आपण काढलेले सगळे हुकूम वैध आहेत असं शेवटी लिहून टाकायचं. २०१७ ची घटना ही तिथली विसावी. तिचं शेवटचं कलम, २७९ वं, नेमकं हेच काम करतं.

तरी रणगाड्याची एक अडचण असते. तो जगाच्या टीव्हीवर दिसतो. पर्यटक घाबरतात, परदेशी सरकारं नाराजीची पत्रकं काढतात. तुलाकाराचं तसं नाही. तो निकालपत्र वाचतो आणि काम होतं. २००८ पासून तिथल्या घटना न्यायालयाने पाच पंतप्रधानांना घरी पाठवलंय. समक, सोमचाय, यिंगलक, स्रेत्था, पेतोंगतार्न. पाचही थाक्सिन गटाचे.

यातली समक सुंदरवेज यांची गोष्ट मला कधी विसरता येत नाही. हा गृहस्थ स्वयंपाकाचा शौकीन. टीव्हीवर त्यांचा पाककृतींचा कार्यक्रम चाले, नावाचा अर्थ साधारण ‘चाखत चाखत कुरकुर’. पंतप्रधान झाल्यावरही त्यांनी तो चालू ठेवला आणि थोडंफार मानधन घेतलं. घटना म्हणते, पंतप्रधान खासगी कंपनीचा नोकर असता कामा नये. आता कार्यक्रमापुरता येणारा पाहुणा हा नोकर का? न्यायाधीशांनी शब्दकोश काढला, त्यातला ‘नोकर’ शब्दाचा अर्थ पाहिला आणि सप्टेंबर २००८ मध्ये एकमताने समक यांचं पंतप्रधानपद काढून घेतलं. कढईत परतलेल्या भाजीपायी देशाचा पंतप्रधान गेला!

शब्दाला शब्द लावणारं इतकं काटेकोर न्यायालय असेल तर एक वेळ आपण मान तुकवू. पण मग जनरल प्रयुत यांचं काय? २०१४ चा उठाव करून ते स्वतःच पंतप्रधान झाले. लष्करातून निवृत्त झाले तरी लष्कराच्या घरात राहत होते. हा हितसंबंधांचा प्रश्न नाही का, असं विरोधकांनी विचारलं. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालय म्हणालं, नाही, यात काही गैर नाही. पुढे घटनेतली आठ वर्षांची मुदत आडवी आली. प्रयुत ऑगस्ट २०१४ पासून खुर्चीवर, म्हणजे ऑगस्ट २०२२ ला आठ वर्षं भरली. हा हिशेब शाळेतलं पोरही करील. न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये निकाल दिला की मोजणी एप्रिल २०१७ पासून, नवी घटना लागू झाली तिथून. तीन न्यायाधीशांना ते पटलं नाही, सहांना पटलं. भाजी परतणाऱ्याला शब्दकोश आणि सेनापतीला नवं पंचांग.

तराजू असा का झुकतो, हे समजायला कटकारस्थानांच्या गोष्टी ऐकायची गरज नाही. नेमणुका बघाव्यात. घटना न्यायालयाचे नऊ न्यायाधीश. त्यांच्या नावांना मंजुरी देणार सिनेट. २०१९ ते २०२४ या काळातले अडीचशे सिनेटर कोणी निवडले? उठाव केलेल्या लष्करी राजवटीने. त्याआधी तर तिने नेमलेलं विधिमंडळच होतं. आणि या अडीचशे जणांना आणखी एक अधिकार होता, पाचशे निवडून आलेल्या खासदारांबरोबर पंतप्रधान निवडण्यासाठी मत देण्याचा.

१४ मे २०२३ च्या निवडणुकीत या व्यवस्थेचा खरा कस लागला. ‘मूव्ह फॉरवर्ड’ या तरुणांच्या पक्षाने १५१ जागा जिंकल्या, सर्वांत जास्त. एक कोटी चाळीस लाखांहून अधिक मतं. नेता पिता लिमचरोन्रत. त्यांची आठ पक्षांची आघाडी, मिळून ३१२ खासदार. जुलैत मतदान झालं तेव्हा पिता यांना ३२४ मतं पडली, लागत होती ३७५. सिनेटमधून आली फक्त १३. आठवड्याभरात न्यायालयाने त्यांना खासदार म्हणूनही निलंबित केलं. कारण? एका टीव्ही कंपनीचे वारशाने आलेले शेअर. ती वाहिनी २००७ मध्येच बंद पडलेली! जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. तोवर दुसऱ्यांचं सरकार बसलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अख्खा पक्षच विसर्जित केला, राजाच्या अवमानाचा कायदा बदलू असं प्रचारात म्हटल्याबद्दल. या कायद्यात एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. दोन दिवसांत उरलेल्या खासदारांनी नवं नाव घेतलं, ‘प्राचाचोन’. प्रजाजन.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आपल्याकडेही. राजकारणी भ्रष्टच असतात, न्यायालय त्यांना वेसण घालत असेल तर बिघडलं कुठे? थाक्सिन काही साधुसंत नव्हेतच. २००३ च्या त्यांच्या अंमली पदार्थविरोधी मोहिमेत हजारांवर माणसं मारली गेली. त्यांच्या पक्षाने २०२३ मध्ये प्रजेला दिलेला शब्द मोडून सेनापतींच्या पक्षांशीच सोयरीक केली. पण ही सोयरीक करूनही काय मिळालं? त्यांचे स्रेत्था २०२४ मध्ये गेले. मुलगी पेतोंगतार्न ऑगस्ट २०२५ मध्ये गेली. कंबोडियाच्या हुन सेनशी फोनवर बोलताना ती आपल्याच लष्करातल्या एका सेनाधिकाऱ्याला विरोधी गोटातला म्हणाली होती, आणि ते संभाषण फुटलं. बोलणं अपरिपक्व होतं यात वाद नाही. पण अपरिपक्व नेत्याला पुढच्या निवडणुकीत पाडायचा हक्क मतदाराचा आहे. तो दर वेळी नऊ माणसं आधीच वापरून टाकतात. थाई तरुणाला चीड आहे ती याची.

या तरुणाची लष्कराशी भेट फक्त बातम्यांत होत नाही. दर एप्रिलला एकवीस वर्षांचे मुलगे शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या आवारात रांगेने बसतात आणि डब्यात हात घालून चिठ्ठी काढतात. काळी निघाली तर घरी. लाल निघाली तर दोन वर्षं लष्करात. काळी चिठ्ठी निघाल्यावर नाचणारी, लाल निघाल्यावर मटकन खाली बसणारी मुलं दर वर्षी टीव्हीवर दाखवतात. ही सक्ती बंद करू असं मूव्ह फॉरवर्डने म्हटलं होतं. त्या वयाच्या पोराने मत कोणाला दिलं असेल ते सांगायला नको.

२०१४ नंतर दोन वर्षं तिथे सामान्य नागरिकांवरही लष्करी न्यायालयांत खटले चालले. गोव्यात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना अशाच न्यायालयासमोर उभं करून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं होतं. सालाझारच्या राज्यातही न्यायालयं होती, कायद्याची पुस्तकं होती, निकाल लेखी मिळत.

आणि तुलाकाराला घाई नसते तेव्हा काय होतं, त्याचाही दाखला आहे. २५ ऑक्टोबर २००४, रमजानचा महिना. दक्षिणेकडच्या ताक बाई गावात पोलीस ठाण्यासमोर मुस्लिम निदर्शक जमले. सात जण गोळ्यांनी मेले. बाकीच्यांना हात पाठीमागे बांधून, एकावर एक रचून लष्करी ट्रकांत कोंबलं, आणि छावणी येईपर्यंत त्यातले ७८ गुदमरून मेले. तेव्हा पंतप्रधान थाक्सिन होते. २००९ च्या चौकशीत न्यायालयाने नोंद केली की मृत्यू श्वास कोंडल्याने झाला. दोष कोणाला दिला नाही. अखेर २०२४ मध्ये मेलेल्यांच्या घरच्यांनी स्वतःच खटला भरला, तो दाखलही झाला, पण आरोपी हजर होईनात. त्यांतला एक निवृत्त सेनाधिकारी सत्ताधारी पक्षाचा खासदार होता, तो परदेशी निघून गेला. पंतप्रधान होती थाक्सिनची मुलगी. खुनाच्या खटल्याला तिथे वीस वर्षांची मुदत आहे. २५ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री ती संपली.