ताश्कंदहून आलेली सुरावट

थ्रॅश मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं कुणी ठोकून दिलं की मी त्याला एकच अल्बम ऐकवतो. डेन्मार्कच्या ‘आर्टिलरी’ बँडचा, 1990 सालचा ‘बाय इन्हेरिटन्स’. थ्रॅशचा विषय निघाला की मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स ही चार अमेरिकी नावं घेऊन लोक मोकळे होतात. आर्टिलरीची आठवण क्वचितच कुणाला होते, आणि हा अन्याय आहे.

अल्बमची सुरुवात ‘7:00 फ्रॉम ताश्कंद’ या शब्दांविनाच्या छोट्या तुकड्याने होते. ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. त्याच शहरात हा बँड 1989 साली, सोव्हिएत राजवट असताना, वाजवून आला होता. तिकडच्या सुरांची वळणं श्टुत्सर बंधूंच्या, मायकेल आणि मॉर्टेनच्या, गिटारीत मुरली. ‘खोमॅनिॲक’ ऐकताना मला कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर घेतलेली झेप जाणवते. भैरव कानात असलेल्या माणसाला ती परकी कशी वाटेल?

माझे वडील सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. बाहेरच्याला तिथे सगळा एकच खडखडाट. पण वडिलांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं, कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय. थ्रॅशची गिटार तशी ऐकावी लागते. तळहाताने तारा दाबून काढलेल्या त्या तुटक, वेगवान आघातांमधल्या जागा एकदा कानाने धरल्या की सूर आपोआप वर येतो. या अल्बममध्ये तर तो जास्तच स्वच्छ येतो. मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ज्याच्या हाताखालून गेला, त्या फ्लेमिंग रासमुसेननेच हाही अल्बम घडवला. गायक फ्लेमिंग रॉन्सडॉर्फ नुसता ओरडत नाही. उंच पट्टीत, खरखरीत आवाजात, पण गातो. ‘रझामनाझ’ हे नाझरेथ बँडचं गाणं मात्र नसतं तरी चाललं असतं.

वेळ चुकली, एवढंच. पुढच्याच वर्षी मेटॅलिकाने चाल बदलली, ग्रंज रॉकची लाट आली, आणि आर्टिलरी फुटली.

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हलग्या कडाडतात तेव्हा आपण कान झाकत नाही, अंगात लय घेतो. मग गिटारीच्या आवाजालाच नाकं का मुरडायची? मुंबईचा ‘सेप्टर’ 1998 पासूनचा थ्रॅश बँड. स्त्रियांवरच्या अत्याचारांवर त्यांनी 2013 साली ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ हा अख्खा अल्बम केला. तो इथल्या किती रसिकांच्या कानावर पडला? सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं होतात, गाण्याच्या मैफली होतात. आयोजकांनी वर्षातली एक संध्याकाळ अशा बँडला द्यावी, आणि तिकीट कॉलेजच्या पोरांना परवडेल असं ठेवावं.