धुराने डास मरतो, अळी नाही

पावसाळ्यात डास वाढले की चाकूरमध्येही पहिली मागणी धूरफवारणीची. पण धूर उडत्या डासापुरताच; नालीतल्या, डबक्यातल्या अळ्या तशाच राहतात.

त्यांच्यासाठी बीटीआय हा जिवाणू आहे. १९७६ साली तो इस्रायलच्या वाळवंटातील एका डबक्यात सापडला. आपल्या बीटी कापसाचे विष ज्या जिवाणूचे, त्याचाच हा दुसरा प्रकार. अळी त्याचे प्रथिनांचे स्फटिक गिळते. तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात, विष मोकळे होते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पडतात आणि अळी साधारण दिवसभरात मरते. माणसाचे जठर आम्लयुक्त. तिथे हे घडत नाही.

अडचण एकच. कोष काही खात नाही, म्हणून तो वाचतो. औषधाचा असरही फार दिवस टिकत नाही. त्यामुळे ते ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकावे लागते. नगर पंचायतीने धुराच्या यंत्राआधी त्याचे वेळापत्रक लावावे.