पडद्याविना पाच दिवस आणि चेहऱ्यांची भाषा
लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आजही वारंवार उद्धृत होतो. सहावीची ५१ मुले दूरचित्रवाणी, संगणक व मोबाईलविना पाच दिवस निसर्ग शिबिरात राहिली. ४८ छायाचित्रांतील चेहऱ्यांवरचा आनंद, दुःख, राग वा भीती ओळखताना आधी त्यांच्या सरासरी १४ चुका झाल्या होत्या. शिबिरानंतर त्या सुमारे नऊवर आल्या. त्याच शाळेत नेहमीच्या दिनक्रमात राहिलेल्या ५४ मुलांमध्ये एवढी सुधारणा दिसली नाही.

मात्र याचे सारे श्रेय पडदा दूर ठेवण्याला देणे घाईचे ठरेल. शिबिरात मुले दिवसभर एकमेकांच्या सहवासातही होती आणि हे दोन परिणाम वेगळे करण्याची सोय या प्रयोगात नव्हती. मोबाईल काढून घेतलेल्या, पण घरी एकट्याच असणाऱ्या मुलाबाबत हा अभ्यास काहीच सांगत नाही.