कार्थेज हरलं, पण रोम जिंकलं का?

काल रात्री जागून प्यूनिक युद्धांबद्दल वाचत होतो. हॅनिबल, हत्ती, आल्प्स वगैरे आपल्याला माहीत असतं. मला खटकला तो शेवट. इ.स.पू. २०१ च्या तहात रोमने ५० वर्षांत १०,००० टॅलेंट चांदीची खंडणी लादली. कार्थेजने ती फेडली! तरी १४९ मध्ये रोमने आधी शस्त्रं काढून घेतली, मग फर्मावलं, समुद्रापासून १५ किलोमीटर आत राहायला जा. दर्यावर्दी लोकांना! १४६ मध्ये शहर बेचिराख, उरलेले गुलाम.

पुढे इटलीत गुलामांच्या जिवावर श्रीमंतांच्या जमिनी वाढल्या, लढून आलेला शेतकरी भूमिहीन झाला. जमीनवाटपाचा कायदा करणाऱ्या टायबेरियस ग्रॅकसला १३३ मध्ये सिनेटर्सनीच मारलं. शत्रू संपला की आपण सुरक्षित, हा रोमचा भ्रम होता असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?