रुसलेल्या स्क्रूची समजूत



या सदरात आपण एरवी कांद्यावरचा करपा, टोमॅटोची रोपे, माती परीक्षण असे विषय घेतो. आज मात्र बोटाच्या पेराहून लहान अशा एका वस्तूविषयी लिहिणार आहे. ती वस्तू म्हणजे गाडीचा गंजून बसलेला स्क्रू. “साहेब, हे काम गॅरेजवाल्याचे, तुमचे नव्हे,” असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. पण एका स्क्रूने मला असा धडा दिला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे घर ओतूरचे. धाकटा भाऊ शेती पाहतो, मी नोकरी. तीन वर्षांपूर्वी श्रावणात चाळीतला कांदा काढून पिकअपमध्ये भरला होता. माल वाशीच्या बाजाराला जायचा होता. निघायच्या आधी वहिनीने हटकले, “अहो, मागचा उजवा दिवा लागत नाही.” दिवा म्हणजे काय, एक किरकोळ बल्ब. तो बदलायचा तर वरची लाल काच काढायची, आणि काच धरलेली दोन फुलीच्या स्क्रूंनी. एक निघाला. दुसरा हलेना. भावाने घरात सापडेल तो स्क्रू-ड्रायव्हर लावला. तो घसरला. मग मी पुढे झालो. थोरला भाऊ, त्यात बी. एस्सी. ॲग्रीकल्चर! दात ओठ खाऊन असा पिळला, की स्क्रूच्या डोक्यातली फुली जाऊन तिथे गुळगुळीत वाटी झाली. भाऊ म्हणाला, “जाऊ दे दादा, डावा दिवा आहे ना! उद्या बघू.” मी मान डोलावली. चूक माझीच.

डिंगोऱ्याच्या पुढे पाऊस आला म्हणून भावाने गाडी कडेला घेऊन ताडपत्री आवळायला सुरुवात केली. मागून मोटारसायकलवर एक कॉलेजचा मुलगा आला. त्याला पुढे एकच लाल दिवा दिसला. एक दिवा म्हणजे दुचाकी, असे त्याने धरले आणि दिव्याच्या उजव्या बाजूने तो निघाला. पण तिथे रस्ता नव्हता, आमच्या पिकअपचा अंधारातला अर्धा भाग होता. मुलगा नशिबाने वाचला, गळ्याजवळचे हाड मोडले. महिनाभर हात झोळीत बांधून होता. त्याची आई दवाखान्यात आम्हाला काही बोलली नाही, पण तिच्याकडे वर मान करून पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढे काय आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सरलेले असते. म्हणून मागचे दोन्ही दिवे ही शोभेची वस्तू नव्हे. आपला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग रात्री कधी मोकळा नसतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्याही असतात. अशा रस्त्यावर “उद्या बघू” चालत नाही.

आता मूळ प्रश्न. स्क्रू बसतो का? लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांमध्ये आधीच जागा नसते. तिथे गंज फुगला की पाचर मारल्यासारखे होते. त्यात आपल्या गाड्या खते वाहतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, एका परीने मीठच. फाटक्या गोणीतून सांडलेली पूड ओल धरून बसते आणि गंज वाढवते. म्हणून खत उतरवल्यावर गाडीचा हौदा आणि मागची बाजू त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवावी. निम्मे स्क्रू एवढ्यानेच वाचतील. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या भागात बसवलेला असेल, तर दोन धातू आणि ओल यांच्या संगतीने तो आणखी घट्ट धरतो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या झाकणाचा अनुभव पुष्कळांना असेल.

दुसरा प्रश्न, स्क्रूचे डोके का जाते? जोर कमी पडला म्हणून नव्हे, जोर चुकीच्या जागी लागला म्हणून. फुलीच्या स्क्रूचे पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाने १९३६ साली निघाले. या फुलीच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे पिळताना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक वर चढू पाहते. वरून दाब नसेल तर ते सटकते, आणि प्रत्येक सटकण्याबरोबर भिंत झिजते. शिवाय सगळ्या फुल्या सारख्या नसतात. लहान-मोठे क्रमांक असतात. गाडीवर २ नंबरची फुली पुष्कळ ठिकाणी, मोठ्या स्क्रूंना ३ नंबरची. मोठ्या फुलीत लहान टोक घातले की ते आत खुळखुळते आणि कडा खाते. जपानी मानकाची फुली तर दिसायला तीच, पण घडण थोडी निराळी. मारुती ८०० ही गाडी सुझुकीच्या सहकार्याने १९८३ साली आली. अशा जपानी घराण्याच्या गाड्यांत आणि दुचाकींत या फुल्या भेटतात. पुष्कळदा डोक्यावर कडेला एक बारीक टिंब असते. तिथे साधे टोक पुरते खाली बसत नाही. टोक घालून हलवून पाहावे. हलत असेल तर पिळू नये, दुसरे टोक आणावे.

आता उपाय. ते सौम्य ते कडक अशा क्रमाने आहेत. फवारणीत जसे आपण पहिल्याच दिवशी जहाल औषध उचलत नाही, तसेच इथे.

पहिले, फुली साफ करावी. दाभणाने किंवा जाड सुईने आतली माती, रंग, गंज कोरून काढावा, जुन्या दातघासणीने घासावे. चिखलाने भरलेल्या फुलीत चांगले टोकही बसत नाही.

दुसरे, गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि वाट पाहावी. फवाऱ्याच्या डब्यात ते मिळते. घाई नसेल तर संध्याकाळी सोडून सकाळी हात लावावा. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा पुष्कळांनी पाहिला असेल. ते १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी तयार झाले, आणि चाळिसावा प्रयत्न यशस्वी झाला म्हणून नावात ४० आहे. ज्यांनी चाळीस वेळा धीर धरला त्यांचे तेल वापरताना आपण एक रात्र धरायला हरकत नाही. दिव्याची काच प्लास्टिकची असते. ॲसिटोन किंवा थिनर तिथे लावू नये, काच चिरते. तेलही चिंधीच्या टोकाने स्क्रूपुरतेच लावावे.

तिसरे, योग्य टोक फुलीत उभे धरून मागून हातोडीने पाच-सहा हलके ठोके द्यावेत. हादऱ्याने गंजाची पकड सैल होते आणि टोकही नीट बसते. प्लास्टिकजवळ अगदी हलक्या हाताने. मग शरीराचा भार वरून टाकून सावकाश फिरवावे. दाब जास्त, पीळ कमी. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. थोडे सुटले की पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एका दमात ओढून काढायला गेले की स्क्रू मध्येच मोडतो.

चौथे, फुली थोडी झिजली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फुलीवर ठेवून त्यावरून टोक दाबावे. रबर झिजलेली जागा भरून काढते. फार गंजलेल्याला हा उपाय पुरत नाही, पण करून पाहण्यात खर्च नाही.

पाचवे, डोके वर आलेले असेल तर लॉक होणारी पक्कड कडेने घट्ट आवळून फिरवावे. पक्कड बसत नसेल तर लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने डोक्यावर एक सरळ खाच पाडावी आणि चपट्या तोंडाचा जाड स्क्रू-ड्रायव्हर लावावा. भोवतीच्या रंगावर आधी चिकटपट्टी लावावी.

सहावे, दरवाजाच्या बिजागरीसारख्या भक्कम लोखंडी जागी हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कामाला येतो. वरून घाव घातला की तो दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरतो. मारण्याआधी त्याची दिशा सोडण्याकडे आहे ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर स्क्रू आणखी आवळला जाईल. प्लास्टिकवर आणि पातळ ॲल्युमिनियमवर तो वापरू नये.

सातवे, उष्णता. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून तशा झाकणावर उकळते पाणी ओतले तरी पुष्कळदा आतला स्क्रू सैल होतो. लोखंडी जागी डाग द्यायच्या इस्त्रीचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावे. पण इंधनाची टाकी, नळ्या, गॅसची टाकी आणि बॅटरी यांच्या आसपास आगीचे नाव काढू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. नुकतेच तेल फवारलेल्या जागीही आच लावू नये.

आठवे आणि शेवटचे, ड्रिल. डोक्याच्या बरोबर मध्ये पंचाने खूण करून स्क्रूच्या दांड्याएवढ्या जाडीचे टोक हळू चालवावे. डोके तुटून पडते, भाग मोकळा होतो, आणि ताण गेल्यामुळे उरलेला दांडा बहुधा पकडीने फिरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. दांड्यात भोक पाडून उलट्या आट्याचा काढणीचा खिळा घालण्याची रीत आहे, पण तो खिळा फार कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. ते काम जाणत्या हाताकडे द्यावे. ब्रेक, स्टेअरिंग आणि सीटचा पट्टा यांच्या स्क्रू-बोल्टवरही घरी प्रयोग करू नयेत.

आणखी एक गोष्ट. जोर लावण्याआधी दिशा खरी आहे ना, हे पाहावे. जुन्या विलीज घडणीच्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. ते नेहमीच्या उलट दिशेने सुटतात. आजही कुणाच्या वाड्यात तशी जीप असेल, तर ध्यानात ठेवावे. पुष्कळ बोल्ट न सुटणारे नसतात, आपणच त्यांना आवळत असतो.

काढण्याइतकेच बसवणे महत्त्वाचे. खराब स्क्रू पुन्हा लावू नये. त्याच मापाचा नवा आणावा, आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि टोकाला ग्रीसचे बोट लावून हाताने दोन-तीन फेरे बसवावा. हाताने सरळ गेला तरच पुढे आवळावा. प्लास्टिकवर बेताने. चाकांच्या नटांना मात्र ग्रीस लावू नये. पुढच्या वेळी तो स्क्रू काढणारा माणूस, मग तो तुमचा मुलगा असो की गॅरेजवाला, तुम्हाला दुवा देईल.

श्रावणी सोमवारी आमच्या कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाची पिंड रचतात. ना गूळ, ना पाणी, ना चिकट काही. नुसते तांदूळ आणि सावध हात. लहानपणापासून ती पाहूनही त्या रात्री मला त्यातला धडा आठवला नाही. अपघातानंतरच्या सोमवारी मी आणि भाऊ त्या पिकअपजवळ बसलो. आदल्या संध्याकाळी तेल लावून ठेवले होते. सायकलची ट्यूब घसरली. मग करवतीच्या पात्याने खाच पाडली, चपटा स्क्रू-ड्रायव्हर लावला, दाबला, किंचित आत, किंचित बाहेर. पंधरा मिनिटांत स्क्रू हातात आला. पंधरा मिनिटे! त्या रात्री ती मला जड झाली होती.

तो मुलगा आता बरा आहे. दिवाळीला घरी येतो, वहिनी त्याला फराळाचे ताट देते. तो निघाला की भाऊ अजूनही दारात उभा राहून त्याच्या गाडीचा मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहतो.

तेव्हा आज एवढे करा. माल भरण्याआधी, उजेड असतानाच, घरातल्या कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करा. दिवे लावा, ब्रेक दाबा, डावी-उजवी खूण द्या. मागून “लागला” असे सगळ्यांसाठी ऐकू आले तरच मालाला हात घाला. आणि एखादा स्क्रू अडून बसला असेल, तर त्याला आज तेल लावा. रागावू नका. रुसलेल्याची समजूत काढायला वेळ लागतो, पण निघते.