नोंदवहीही चर्चचाच भाग

सोलापुरात वारशाचा विषय निघाला की चर्चा भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, इंद्रभुवन आणि गिरण्यांची धुराडी इथवर येऊन थांबते. रंगभवन परिसरातल्या फर्स्ट चर्चचे नाव त्यात क्वचितच येते, आणि आले तरी ‘ब्रिटिशकालीन वास्तू’ एवढ्या शेऱ्यावर त्याची बोळवण होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान चर्चची हीच गत आहे. कमान किती टोकदार आणि बांधकाम किती जुने, एवढ्यावरच या इमारतींचे मोल ठरवणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या कोणी वापरल्या आणि वापरता वापरता कशा आपल्याशा केल्या, हे आधी पाहिले पाहिजे. तसे पाहिले तर भिंतींइतक्याच तिथल्या नोंदवह्याही जपाव्या लागतील.

आधी सोलापूरबाहेर पाहू. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, चर्च म्हटले की मुंबईतले अफगाण चर्च डोळ्यांपुढे येते. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. गॉथिक बांधणी, उंच निमुळता मनोरा, आणि शिपायांना बंदुका टेकवून ठेवता याव्यात म्हणून बाकांना खाचा. अशी चर्चे पलटणीसाठी होती आणि सरकारी पाद्र्यांचा पगार इथल्याच तिजोरीतून निघत असे. पण याच पंथाची दुसरी एक वाट गावाकडे गेली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकबाहेर शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसवले. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतलाच जेकब वेनराइट. मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे पार्थिव आफ्रिकेतून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीत त्या शवपेटीला त्याचाही हात लागला. पुढल्याच वर्षी शरणपूरच्या माणसांना घेऊन प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवले. आज शरणपूर रोड हा नाशिकचा गजबजलेला रस्ता आहे. या गावाचा इतिहास दोन खंडांना जोडतो, पण तिथल्या चर्चच्या कमानी न्याहाळून तो कुणाला कळणार नाही.

पुण्याच्या पंचहौद मिशनचेही तसेच. १८८५ चे पवित्र नाम देवालय, शेजारी इटालियन धाटणीचा घंटामनोरा आणि त्यात इंग्लंडहून आलेल्या आठ सुरेल घंटा, हे सारे पाहण्यासारखे आहेच. पण मराठी समाजाच्या आठवणीत हे आवार राहिले ते १८९० मध्ये मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहामुळे. तो चहा टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत घेऊन गेला.

सोलापूरच्या फर्स्ट चर्चची परंपरा मात्र अँग्लिकन नव्हे. रेल्वे इथे १८६० मध्ये आली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनने ठाणे उघडले. हा फरक इमारतीतही वाचता येतो. अँग्लिकन चर्चचा साधारण आराखडा लांबट. दार पश्चिमेला, वेदी पूर्वेला, बाप्तिस्म्याचे कुंड दाराजवळ, प्रवचनाचे व्यासपीठ एका अंगाला. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत शास्त्रवाचन आणि प्रवचन हाच उपासनेचा गाभा, म्हणून व्यासपीठाला मध्यवर्ती मान. मात्र २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि हे दोन्ही प्रवाह एका छत्राखाली आले. भिंती वेगवेगळ्या मतांच्या राहिल्या. आत ‘उपासना संगीत’ एकच, नारायण वामन टिळकांची पदे तीच, आणि गावोगावी पेटी-तबलाही तोच.

आता नोंदवह्यांकडे येऊ. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्हींची नोंद ठेवण्याचा शिरस्ता चर्चने इथे आणला. नगर-सोलापूर भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसे मोठ्या संख्येने होती. गावदप्तरात ज्यांची ओळख जात आणि वतन एवढीच, त्यांची पूर्ण नावे, आईबापांसह, तारीखवार इथे सापडतात. दुष्काळ आणि प्लेगची वर्षे दफनाच्या पानांवर जितकी स्पष्ट दिसतात, तितकी अहवालांत दिसत नाहीत. या वह्या कपाटात कसर-वाळवीच्या हवाली असतील, तर छपरावर नवी कौले चढवून निम्मेच जतन झाले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: परकी सत्तेच्या खुणा आपण का सांभाळायच्या? भुईकोटाबाबत हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. शिवाय भारतातली अँग्लिकन चर्च १९३० मध्येच कायद्याने इंग्लंडपासून वेगळी झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही उपासनेची जागा आहे; मंडळी वाढली तर त्यांनी पत्र्याची शेड घालू नये, सिमेंटचा गिलावा करू नये, असे बाहेरच्यांनी का सांगावे? मंडळीचा हक्क पहिला, हे मान्यच. पण चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार बाहेर फुटतात आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. हे टाळण्यात मंडळीचाच फायदा आहे. इंग्लंडमध्ये १९५५ पासून प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करण्याची पद्धत आहे. तिथे उपासक घटून ओस पडलेली साडेतीनशेच्या आसपास चर्चे एका न्यासाला सांभाळावी लागतात. आपल्याकडे दर रविवारी माणसे येतात; उणीव आहे ती तपासणीची. सोलापुरात वास्तुकलेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आहेत, विद्यापीठ आहे. महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने धर्मप्रांताशी बोलून पंचवार्षिक पाहणी सुरू करावी. तिची मालकी मंडळीकडेच ठेवावी. नोंदवह्यांच्या डिजिटल प्रतींची एक प्रत चर्चकडे आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात असावी. अलीकडच्या नोंदींत हयात माणसांची माहिती असल्याने ती पाने बंद ठेवावीत. छपराच्या डागडुजीच्या मानाने या कामाला खर्च फार थोडा आहे, आणि ते थांबवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.