जमीन सार्वजनिक झाली. पण जनता कोणती?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यापूर्वी, २०२१ साली, या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून पनवेल, उरण आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावकऱ्यांनी मानवी साखळी धरली होती. बाहेरच्यांना तो केवळ नामकरणाचा वाद वाटला. वस्तुतः त्या मागणीच्या मुळाशी पन्नास वर्षांपूर्वी हातून गेलेल्या जमिनीची आठवण होती.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. शासनाने ती स्वीकारली आणि १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ची स्थापना केली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि ९५ गावे या योजनेच्या कक्षेत आली. सुरुवातीचे भांडवल होते अवघे ३ कोटी ९५ लाख रुपये. शहर उभे राहायचे होते ते जमिनीच्याच बळावर. खासगी जमीन संपादन करावयाची, ती विकसित करून भाडेपट्ट्याने द्यावयाची आणि वाढलेल्या किमतीतून रस्ते, पाणी व पूल यांचा खर्च भागवावयाचा. जमिनीच्या भाववाढीचा लाभ सट्टेबाजांच्या खिशात न जाता समाजाला मिळावा, हे त्यामागील तत्त्व निःसंशय उदात्त होते.

तथापि ही जमीन कोणाची होती, हे विसरून चालणार नाही. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा येथील आगरी-कोळी समाज पिढ्यान् पिढ्या खोत-सावकारांच्या वर्चस्वाखाली राहिला होता. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, तो खोतीच्याच विरोधात. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषकदिना’ने कसणारी कुळे कायद्याने मालक ठरली. म्हणजे अनेक घरांच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढून पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती, तोच भूसंपादनाच्या नोटिसा दारी आल्या. ज्या शासनाने एका हाताने जमीन दिली, त्यानेच दुसऱ्या हाताने ती परत घेतली, अशी भावना निर्माण झाली असल्यास नवल नाही.

मोबदल्याच्या कायद्याने ही जखम अधिकच चिघळली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार भाव ठरावयाचा तो प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेचा. पैसे कितीही वर्षांनी हाती पडोत, भाव मात्र त्याच दिवसाचा. शिवाय ज्या प्रकल्पासाठी जमीन घेतली जाते, त्या प्रकल्पामुळे होणारी भाववाढ हिशेबात धरावयाची नाही, असेही त्या कायद्यात स्पष्ट होते. परिणामी भाववाढ समाजाची खरी, पण ज्याच्या शेतातून ती उगवली त्याला त्या समाजातून वगळले गेले. मिठागरातील मजूर आणि खाडीतील मासेमार यांची स्थिती तर याहून बिकट होती. त्यांची उपजीविका बुडाली, परंतु जमिनीच्या कागदावर त्यांचे नाव नव्हते.

हा असंतोष शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी संघटित केला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई आणि नवघर-पागोटे परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला व पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या बलिदानानंतर, १९९० साली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना परत देण्याचा निर्णय झाला. जमीन देणारा हा शहराचा भागीदार आहे, ही गोष्ट शासनाने प्रथमच मान्य केली. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के वजा होऊन प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती येतात, आणि भूखंड मिळेपर्यंत धीर न निघालेल्या अनेकांनी आपला हक्क आधीच विकून टाकला, ही या यशाची दुसरी बाजू आहे.

मग सार्वजनिक मालकीचे तत्त्वच चुकीचे होते काय? तसे म्हणता येणार नाही. जमीन एकहाती नसती, तर रुंद रस्ते, उद्याने आणि शाळांच्या जागा नियोजनपूर्वक राखणे अशक्य झाले असते. चूक तत्त्वात नव्हती, ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या संकुचित अर्थात होती. शासकीय महामंडळाची मालकी म्हणजे जनतेची मालकी, हे समीकरण गृहीत धरले गेले. पुढे तर सर्वाधिक बोली लावणाऱ्याला भूखंड देण्याची प्रथा पडली, आणि ज्या सट्ट्यापासून जमीन वाचवावयाची होती, तोच सट्टा मागील दाराने आत आला. दरम्यान गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरे मात्र दीर्घकाळ अनधिकृतच राहिली.

काळाने काही धडे दिले, हेही खरे. विमानतळासाठी रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊ करण्यात आली. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने उपजीविका गमावणाऱ्यांचीही दखल घेतली. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात तर सरसकट संपादनाची वाट सोडून नगररचना योजनांचा मार्ग पत्करण्यात आला असून, त्यात मालकाकडे ४० टक्के जमीन राहते. मालकाचा वाटा असा साडेबारावरून चाळीसवर गेला, परंतु ज्याच्याकडे मुळात जमीनच नाही त्याचा वाटा किती, हा प्रश्न १९७० इतकाच आजही अनुत्तरित आहे.

विमानतळाला नाव देणे हे कृतज्ञतेचे कृत्य खरे, पण ती कृतज्ञता पुरेशी नव्हे. जमीन सार्वजनिक करणे एका अधिसूचनेने साधते. तिची फळे सार्वजनिक करण्यास मात्र पिढ्या लागतात, आणि तो हिशेब नवी मुंबईत अजून पुरा झालेला नाही.